सेकंड लाइफमधील वक्ररचना : आकार आणि मोजणी (२००३–२०११)

आभासी जगांच्या इतिहासाचे जे विवेचन आजवर झाले आहे त्यात चलन, मालमत्ता, व्यक्तीची ओळख आणि समाजजीवन ह्या विषयांना मोठे स्थान मिळाले आहे. टॉम बोएलस्टॉर्फ ह्या मानववंशशास्त्रज्ञाने सेकंड लाइफमध्ये राहून केलेल्या क्षेत्राभ्यासाचा ग्रंथ २००८ साली प्रसिद्ध झाला. तो ह्या विवेचनाचा उत्तम नमुना होय. परंतु ज्या घरांत, रस्त्यांवर आणि सभागृहांत हे समाजजीवन चालले ती घरे व सभागृहे कोणत्या द्रव्यातून उभी राहिली, हा प्रश्न बहुधा तंत्रज्ञांचा म्हणून बाजूस ठेवला जातो. तो तसा ठेवणे योग्य नाही. त्या द्रव्याचा विशेष असा होता की, त्यातून सरळ कडांची वस्तू करणे अत्यंत सोपे आणि मोठी गोल वस्तू करणे अत्यंत कठीण होते. ही अडचण रहिवाशांनी कशी सोडविली, त्यासाठी त्यांना काय मोजावे लागले आणि अडचण दूर झाल्यावर कोणती गोष्ट हातची गेली, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सेकंड लाइफ हे जग सॅन फ्रान्सिस्को येथील लिंडन लॅब ह्या कंपनीने निर्माण केले. फिलिप रोझडेल ह्यांनी १९९९ साली ही कंपनी स्थापिली आणि जून २००३ मध्ये हे जग सर्वांस खुले झाले. त्याच्या भूमीचा एकेक विभाग २५६ मीटर लांब व तितकाच रुंद असतो. कंपनीने भूमी, समुद्र व आकाश द्यावे आणि त्यांवरील बहुतेक सर्व वस्तू रहिवाशांनी घडवाव्यात, अशी मूळ योजना होती. ह्या वस्तूंवरील बौद्धिक स्वामित्व रहिवाशांचेच राहील, हेही नोव्हेंबर २००३ मध्ये कंपनीने मान्य केले. घडणीची साधने जगाच्या आतच होती. मनुष्य जेथे उभा असेल तेथेच, शेजाऱ्यांच्या देखत, तो एक आकार उत्पन्न करी आणि ओढून, ताणून, फिरवून त्यास हवे ते रूप देई.

ह्या मूळ आकारांस रहिवासी ‘प्रिम’ म्हणत. ‘प्रिमिटिव्ह’ ह्या शब्दाचे हे संक्षिप्त रूप होय. इष्टिकाचिती, वृत्तचिती, त्रिकोणी चिती, गोल आणि कंकण हे त्यांतील मुख्य प्रकार. शिवाय ज्याचा छेद वर्तुळाकार नसून चौकोनी वा त्रिकोणी आहे असे कंकणाचे दोन उपप्रकार. नुकताच उत्पन्न झालेला प्रिम म्हणजे प्लायवुडचे चित्र अंगावर असलेला अर्ध्या मीटरचा ठोकळा. सेकंड लाइफच्या पहिल्या आठ वर्षांतील बहुतेक सर्व वास्तू, वाहने, दागिने व झाडे अशाच आकारांची रूपांतरे होती.

इतके साधे आकारच का निवडले गेले, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. वक्रपृष्ठांचे गणित त्या वेळी अज्ञात नव्हते. सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेलजो ह्यांनी १९५९ साली आणि रेनो कंपनीत पिएर बेझिए ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात मोटारींच्या पत्र्यासाठी ते सिद्ध केले होते. अडचण होती ती वहनाची. इतर खेळांतील दृश्ये आधीच तयार होऊन चकतीवरून घरोघर जात; सेकंड लाइफमधील वस्तू मात्र क्षणोक्षणी बदलत, आणि त्या बदलत्या स्वरूपात २००३ च्या सुमाराच्या घरगुती जोडणीवरून पाठवाव्या लागत. अशा स्थितीत वस्तूचे पृष्ठ पाठविण्याऐवजी तिची कृती पाठविणे सोयीचे होते. वृत्तचिती, इतकी उंच, इतकी रुंद, आतून इतकी पोकळ, एवढी आकडेवारी पोहोचली म्हणजे पाहणाऱ्याचे यंत्र आपल्यापुरती वस्तू तयार करून घेई.

साध्या घनाकारांच्या मिळवणीतून वस्तू रचण्याची कल्पनाही नवी नव्हती. न्यूयॉर्क राज्यातील मॅगी ह्या कंपनीने किरणोत्सर्गाच्या गणनेसाठी तयार केलेली पद्धत पुढे चित्रनिर्मितीस लावली आणि १९८२ सालच्या ‘ट्रॉन’ ह्या चित्रपटातील प्रकाशमान दुचाक्या त्याच पद्धतीने रचल्या. त्याच चित्रपटातील शिडाचे जहाज दुसऱ्या एका कंपनीने बहुभुजांचे तुकडे जोडून रचले होते. म्हणजे घनाकार आणि बहुभुज हे दोन्ही पक्ष एकाच पडद्यावर शेजारी शेजारी दिसून गेले होते. परंतु मॅगीच्या पद्धतीत एका घनातून दुसरा घन वजा करता येत असे; सेकंड लाइफमध्ये ती सोय नव्हती. भिंतीच्या प्रिममध्ये वृत्तचिती खुपसून कमानीचे भोक पाडावे, असे करता येत नसे. प्रत्येक प्रिमला पोखरणे व कापणे शक्य होते, पण केवळ त्याच्या स्वतःच्या आकड्यांनी.

ह्या उणिवेतून एक विलक्षण कारागिरी जन्मास आली. प्रिमच्या आकड्यांत पोकळी, काप, पीळ, निमुळतेपणा आणि कलणे ह्यांचा समावेश होता. पोकळीचे प्रमाण ९५ टक्क्यांपर्यंत नेता येई. विशेष म्हणजे पोकळीचा आकार बाह्य आकाराहून निराळा ठेवता येई. चौकोनी ठोकळ्यास वर्तुळाकार पोकळी देऊन तो मधोमध कापला की एकाच प्रिममध्ये कमानदार दाराचा वरचा भाग तयार होई. तोच एक चतुर्थांश ठेवला की भिंत व छत ह्यांच्या कोनातील अंतर्वक्र पट्टी मिळे. कंकणाचा तुकडा ठेवला म्हणजे नळाचे कोपर झाले. कंकणास चार वेढे देऊन त्याची त्रिज्या वेढ्यागणिक कमी करीत नेली तर शंखाची, शिंगाची किंवा वेलीच्या तंतूची आकृती एका प्रिममध्ये येई. कमान पाहून ती ठोकळ्याचीच आहे हे नवख्यास सांगूनही पटत नसे. ही विद्या शिकविण्यासाठी नाटोमा ह्या विभागात ‘आयव्हरी टॉवर लायब्ररी ऑफ प्रिमिटिव्ह्ज’ ह्या नावाचे संग्रहालयच उभे राहिले होते. तेथे फिरत फिरत एकेक आकडा बदलल्याने काय घडते हे प्रत्यक्ष नमुन्यांवरून शिकता येई.

लहान वस्तूंच्या बाबतीत एवढ्याने भागे. मोठ्या वक्रतेच्या बाबतीत मात्र एक नियम आडवा येई. प्रिमची कोणतीही बाजू १० मीटरहून मोठी असू नये, हा तो नियम होय. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वृत्तचिती कापून तिचा केवळ चतुर्थांश ठेवला तरी तिचे माप धरले जाई ते न कापलेल्या संपूर्ण आकृतीचे. त्यामुळे दृश्य तुकडा कितीही लहान असला तरी त्याची त्रिज्या ५ मीटरपलीकडे जाऊ शकत नसे. सात मीटर त्रिज्येचे दालन बांधू पाहणाऱ्याने वृत्तचितीचे तुकडे जोडून ते साधेल अशी आशा धरली, तर ती फोल ठरे. त्यास सरळ ठोकळेच वर्तुळात मांडावे लागत.

ठोकळे किती, हा मग खरा प्रश्न होता. वर्तुळातील जीवेचा मध्य व कंसाचा मध्य ह्यांमधील अंतरास ‘लीलावती’त शर म्हटले आहे, ही संज्ञा येथे नेमकी उपयोगी पडते. सात मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ८ जीवा मांडल्या तर शर ५३ सेंटिमीटर येतो, म्हणजे दालन उघडउघड अष्टकोनी दिसते. १२ जीवा घेतल्यास तो २४ सेंटिमीटर होतो आणि २४ घेतल्यास ६ सेंटिमीटर. जीवा दुप्पट केल्या की दोष सुमारे चतुर्थांश होतो, हा नियम जुनाच आहे. १५४५ साली कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने ‘लीलावती’वरील टीकेत परिघाचे प्रमाण पटविण्यासाठी १२ भुजांपासून दुप्पट करीत ३८४ भुजांपर्यंत मजल मारली होती. मात्र त्यास भुजांचे मोल पडत नव्हते. सेकंड लाइफमधील बांधणाऱ्यास ते पडत होते.

आरंभी हे मोल कराच्या रूपाने घेतले जाई. जगात ठेवलेल्या वस्तूंवर कर होता, आणि जो अधिक बांधी त्यास तो अधिक पडे. अमेरिकेतील प्रसिद्ध वास्तूंच्या प्रतिकृती उभारणाऱ्या ‘अमेरिकाना’ ह्या विभागातील रहिवाशांनी जुलै २००३ मध्ये ह्याविरुद्ध बंड पुकारले. १७७३ सालच्या बोस्टनमधील प्रसंगाचे स्मरण करून त्यांनी चहाच्या पेट्यांचे ढीग रचले. निषेधासाठी पेटी हाच आकार निवडला गेला हे ऐतिहासिक संदर्भास धरून होते खरे. पण प्रिमच्या जगात पेटीहून सुलभ आकार दुसरा नव्हता, हेही विसरता येत नाही. डिसेंबर २००३ मधील नव्या आवृत्तीत वस्तूंवरील कर गेला आणि त्याच्या जागी भूमीच्या क्षेत्रफळावर आधारलेली मर्यादा आली. पुढे स्थिर झालेल्या प्रमाणानुसार एका विभागात १५,००० प्रिम मावत, आणि ५१२ चौरस मीटरच्या लहान भूखंडाच्या वाट्यास ११७ येत.

ह्या ११७ ची गणना करून पाहिली म्हणजे वास्तुशैलीचा उलगडा होऊ लागतो. २४ ठोकळ्यांची एक गोल भिंत भूखंडाच्या एकूण वाट्याचा पाचवा हिस्सा खाऊन टाकी. त्यात दारे, छत, पायऱ्या, आसने व दिवे बसवावयाचे असत. तेव्हा लहान भूखंडावरील घर चौकोनी होण्याकडेच ओढ असणार, हे उघड आहे. त्या चौकटी घरांत बांधणाऱ्यांच्या कल्पनेचे दारिद्र्य पाहणाऱ्या टीकाकाराने आधी हा हिशेब करावा. वाहनांची गोष्ट तर आणखी कठीण होती. भौतिकीच्या नियमांनुसार धावणाऱ्या वस्तूत सुमारे तीसच प्रिम चालत. मोटारीचे गोलसर अंग, चार चाके, काच व आसने एवढे सारे त्या तिसांत बसविणे हे कौशल्याचे काम होते.

शिवाय २४ ठोकळ्यांची भिंत पूर्ण गोल दिसतही नसे. ह्याचे कारण मोठे उद्बोधक आहे. सेकंड लाइफची वृत्तचिती वस्तुतः गोल नव्हतीच. ज्या प्रोग्रॅमने हे जग पाहता येते त्याची मूळ संहिता जानेवारी २००७ मध्ये खुली करण्यात आली, आणि तिच्यावरून असे दिसते की जवळून पाहताना वर्तुळाच्या २४ भुजा काढल्या जातात, दूर जावे तसतशा त्या १५, ९ आणि अखेर ६ होतात. म्हणजे एका प्रिमची वृत्तचिती आणि २४ ठोकळ्यांची भिंत ह्या भूमितीच्या दृष्टीने सारख्याच चोवीसकोनी. तरी पहिली गोल दिसे आणि दुसरी दिसत नसे. आंरी गुरो ह्यांनी १९७१ साली मांडलेल्या पद्धतीप्रमाणे एकाच पृष्ठावरील शेजारच्या भुजांमध्ये छटा हळूहळू मिसळली की डोळ्यास कडा जाणवत नाही. केवळ बाह्यरेषेवरच कोन उघडे पडतात. परंतु हे मिसळणे एका प्रिमच्या आतच होई. दोन स्वतंत्र ठोकळ्यांच्या सांध्यावर प्रकाश एकदम बदले आणि कड ठळक दिसे. त्यातच ठोकळ्यांची टोके एकमेकांत घुसल्याने वरची पृष्ठे एकाच पातळीत येऊन लुकलुकत. मग कोणी ठोकळा एका बाजूस निमुळता करून त्याचा समलंब चौकोन करी, कोणी सांध्यावर खांब उभा करून कड झाकी. असे खांब दिसले की ते शोभेचे होते की अडचणीचे, हे ठरविण्यापूर्वी त्यांच्या मागचा सांधा पाहणे आवश्यक ठरते.

दहा मीटरच्या मर्यादेतून काहींनी आडवाट काढली. प्रोग्रॅममधील दोषांचा उपयोग करून त्यांनी कितीतरी मोठे प्रिम निर्माण केले. कंपनीने नवी निर्मिती रोखली. पण झालेले प्रिम नष्ट केले नाहीत, आणि त्यांच्या प्रती हातोहाती फिरत राहिल्या. त्यांचे माप बदलू गेले तर ते पुन्हा दहा मीटरवर येत, म्हणून ठराविक मापांचे साठे करून ठेवावे लागत. चाळीस मीटर व्यासाची वृत्तचिती हाती आली की तिच्या चतुर्थांशातून जी भिंत होई तीस एकच प्रिम लागे.

इतिहासाच्या विद्यार्थ्यास ह्या सर्व प्रकारात सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती, तर ती ही की प्रिमची वस्तू आपल्या घडणीचा लेख आपल्याबरोबर बाळगते. वस्तू निवडली की तिच्या घटकांच्या कडा उजळतात; घटक किती हे कळते; प्रत्येक घटकाच्या निर्मात्याचे नाव व निर्मितीचा दिनांक पाहता येतो; आणि कर्त्याने बदलाची अनुमती दिली असेल तर पोकळी किती, काप कोठे, पीळ किती हे सर्व आकडे जसेच्या तसे वाचता येतात. दगडी मंदिराच्या अभ्यासकास छिन्नीच्या खुणांवरून अनुमान करावे लागते. येथे प्रत्येक घाव अंकांनी नोंदलेला आहे. अर्थात हा पुरावाही डोळे झाकून स्वीकारता येत नाही. निर्माता म्हणून ज्याचे नाव येते तो तो प्रिम प्रथम उत्पन्न करणारा असतो, त्यास रूप देणारा असेलच असे नाही. दुसऱ्याने दिलेल्या कोऱ्या ठोकळ्यावर काम करून कोणी उत्कृष्ट कमान घडविली तरी नाव पहिल्याचेच राहते. दिनांकाचेही तसेच आहे. तरीसुद्धा वस्तू उकलून शिकण्याची जी प्रथा तेथे रुजली तिचा आधार हीच वाचनीयता होती.

२००७ साली ‘स्कल्प्टेड प्रिम’ आले आणि परिस्थिती पालटली. ह्यात वस्तूचा आकार एका चित्रातून वाचला जाई. बहुधा ६४ बिंदू लांब व तितक्याच रुंद अशा चित्रातील प्रत्येक बिंदूचा तांबडा, हिरवा व निळा अंश हे अवकाशातील तीन निर्देशांक मानले जात. युक्ती मोठी चतुर होती, कारण चित्रे पाठविण्याची व साठविण्याची यंत्रणा आधीपासूनच उभी होती. तिला नवे काही शिकवावे लागले नाही. फळ, उशी, वस्त्राची चुणी, मनुष्याचा चेहरा, ज्यांस पूर्वी डझनावारी प्रिम लागत, ती आता एका प्रिममध्ये मावू लागली. दोषही होते. प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असल्याने १० मीटरच्या वस्तूत सुमारे ४ सेंटिमीटरहून सूक्ष्म फरक दाखविता येत नसे. चित्राच्या संकोचनात रंग किंचित ढळला की पृष्ठावर टेंगळे येत. आणि चालणाऱ्या मनुष्याच्या पायास हा दिसणारा आकार लागतच नसे, म्हणून वक्र पुलाखाली अदृश्य साधे प्रिम घालावे लागत. गंमत अशी की, जुन्या ठोकळ्याची गरज अशा रीतीने पुलाच्या पोटात शिल्लक राहिली.

परंतु मोठा बदल दुसराच होता. हे चित्र हाताने रंगवून होत नसे. ते बाहेरच्या, मूर्तिकामासाठी बनविलेल्या प्रोग्रॅममधून काढून आणावे लागे. म्हणजे घडण जगाच्या बाहेर गेली. त्याचबरोबर मोजणीचाही अर्थ सुटला. हजार बिंदूंची वस्तू आणि सहा पृष्ठांचा ठोकळा ह्या दोहोंची गणना सारखीच, एक. बांधणाऱ्याचा हिशेब हलका झाला आणि तो भार पाहणाऱ्याच्या यंत्रावर पडला. ऑगस्ट २०११ मध्ये ‘मेश’ आल्यावर ही विसंगती काही अंशी दूर झाली. बाहेर तयार केलेली त्रिकोणांची जाळी ‘कोलाडा’ ह्या स्वरूपात आत आणता येऊ लागली, आणि तिचे मोल वस्तू पाठविण्याचा, तिच्या भौतिकीचा व संगणकावरील भार पाहून ठरू लागले. त्याच वर्षी प्रिमची मर्यादाही १० वरून ६४ मीटरवर गेली. सात मीटर त्रिज्येच्या दालनाचा प्रश्न, ज्याने आठ वर्षे बांधणाऱ्यांस छळले होते, तो एका दिवसात निकालात निघाला. पण तोवर तो फारसा कोणी विचारीतही नव्हते.

मेशमुळे वस्तू अधिक सुंदर झाल्या ह्यात शंका नाही, आणि जुन्या पद्धतीबद्दल हळहळणाऱ्यांनी हे मान्य केले पाहिजे. परंतु मेशमध्ये शिरोबिंदू व त्रिकोण असतात; कृती नसते. कमान पोखरून केली की वळवून केली हे तिच्यावरून सांगता येत नाही. निर्माता म्हणून ज्याने ती आत आणली त्याचे नाव दिसते, आणि ज्या फाईलीत घडणीचे टप्पे असतील ती कर्त्याच्या घरच्या संगणकावर राहते. रस्त्यावर शेजाऱ्याच्या देखत चालणारे काम घराआड गेले, आणि नवख्यास दुसऱ्याची वस्तू उकलून शिकण्याची वाट बंद झाली. प्रिम अद्याप उपलब्ध आहेत आणि कोणासही ते आजही उत्पन्न करता येतात. तथापि विक्रीची बहुतेक वस्तू आता मेशची असते.

ह्यातून जतनाचा एक प्रश्न उभा राहतो, आणि तो तातडीचा आहे. मालकाने भूखंडाचे भाडे थांबविले की त्यावरील वस्तू त्याच्या संग्रहात परत जातात आणि जगातून दिसेनाशा होतात. २००३ ते २०११ ह्या काळातील पुष्कळ वास्तू अशाच गेल्या. आपण स्वतः निर्माण केलेली वस्तू बाहेर काढून ठेवण्याची सोय काही प्रोग्रॅममध्ये आहे, आणि पुष्कळजण ती ‘कोलाडा’ स्वरूपात काढतात, कारण ते पुष्कळ प्रोग्रॅममध्ये उघडते. पण ह्या रूपांतरात प्रिमचे आकडे गळून त्रिकोण तेवढे उरतात. जुनी कमान जतन होते ती मेश होऊनच. ह्याउलट २००७ मध्ये सुरू झालेल्या ओपनसिम्युलेटर ह्या खुल्या प्रकल्पाच्या संग्रहस्वरूपात प्रत्येक प्रिमचा प्रकार, पोकळी, काप, पीळ व निमुळतेपणा ह्यांचे आकडे वेगवेगळ्या नोंदींत लिहिले जातात, आणि त्यांवरून वस्तू पुन्हा उभी करता येते. एखाद्या विद्यापीठाने ह्या वास्तूंचा संग्रह करावयाचे मनात आणले, तर स्वामित्व असलेल्या रहिवाशांची अनुमती घेऊन तो ह्या दुसऱ्या स्वरूपात करावा लागेल, आणि सोबत प्रत्येक घटकाच्या निर्मात्याची नोंद वेगळी उतरवून घ्यावी लागेल.